शिवारात सोडून दिलेलं मांजर: हात घालण्याआधी आणि नंतर

घरात वाढलेलं मांजर नकोसं झालं की कोणीतरी ते खोक्यात घालतं, गावाबाहेर एखादा गोठा किंवा शेतघर दिसलं की तिथे सोडून येतं आणि स्वतःची समजूत घालतं, "उंदीर खाऊन जगेल की." मला हे वाक्य ऐकवत नाही. शिकार पिल्लू आईकडून शिकतं. वाटीतलं खाऊन मोठं झालेलं मांजर उंदरामागे धावेलही, पण रोज पोट भरेल इतके उंदीर मारणं त्याला सहज जमत नाही. त्यातून त्या गोठ्यावर आधीच एखाद्या बोक्याचा हक्क असतो आणि तो नवख्याला टिकू देत नाही. मग हे मांजर तीन-चार दिवस कुठेतरी अंग चोरून बसतं, रात्री ओरडतं, आणि त्याच सुमारास ते तुमच्या नजरेला पडतं.

असं मांजर किंवा पिल्लांचा खोका तुम्ही पहिल्यांदाच पाहिला असेल, उचलून घरी आणावंसं वाटत असेल, पण काय करायचं ते कळत नसेल, तर हे तुमच्यासाठी. मी गेली काही वर्षं हे काम करते आहे. माझ्या हातून जे नुकसान झालं ते जवळपास प्रत्येक वेळी घाईमुळे झालं. म्हणून सुरुवात पाहण्यापासून करू.

आधी नुसतं पाहा

सोडलेलं मांजर सहसा फार लांब जात नाही. हरवलेल्या मांजरांवरचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात सापडलेल्या मांजरांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मांजरं निसटल्या जागेपासून अर्ध्या किलोमीटरच्या आतच मिळाली होती. त्यामुळे "काल बांधावर होतं, आज दिसत नाही" असं झालं तरी आशा सोडू नका. चाऱ्याच्या गंजीच्या बुडाशी, सिमेंटच्या पाइपात, लाकडांच्या ढिगात, उभ्या ट्रॅक्टरच्या इंजिनापाशी शोधा. (गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारायची सवय सगळ्यांनाच लावा.) दिवस मावळल्यावर बॅटरी आपल्या डोळ्यांजवळ धरून उजेड जमिनीलगत फिरवला की आडोशातले डोळे चमकतात आणि दिवसभर न सापडलेलं मांजर दोन मिनिटांत सापडतं.

सापडलं की पहिला प्रश्न: हे घरातलं आहे की रानातच जन्मलेलं? फिस्कारतंय म्हणजे रानटी, असा निकाल लगेच देऊ नका. घाबरलेलं घरचं मांजरही फिस्कारतं, पंजा मारतं, कोपऱ्यात दगडासारखं बसून राहतं. खरा फरक कळायला दोन-चार दिवस लागतात. आवाजाकडे लक्ष द्या. मोठी मांजरं आपसांत फारसं म्याव करत नाहीत, ते मुख्यतः माणसाला उद्देशून असतं. दहा पावलांवरून तुमच्याकडे बघून ओरडणाऱ्या मांजराने कधीतरी माणसाच्या घरात दिवस काढलेले असतात. खाणं ठेवून तुम्ही तिथेच उभे असताना ते पुढे आलं, शेपूट ताठ वर केली, तर बहुधा घरचंच. रानातलं मोठं मांजर तुम्ही दिसेनासे होईपर्यंत वाटीकडे फिरकत नाही.

जवळीक साधायची तर लांबच उकिडवं बसा, अंग थोडं तिरकं ठेवा, रोखून पाहू नका. डोळे अर्धवट मिटा, सावकाश पूर्ण मिटा, मग उघडा. ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०२० साली प्रयोग करून दाखवलं की माणसाने असे डोळे मिटले तर मांजरही तसंच उत्तर देतं आणि अनोळखी माणसाच्या हाताजवळ यायला जास्त तयार होतं. मी हे रोज वापरते.

दोन गोष्टी आणखी पाहायच्या. एक म्हणजे कान. एका कानाचं टोक सरळ रेषेत कापलेलं असेल तर बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ नसबंदी झालेली आहे असा असतो. म्हणजे त्याच्यावर कोणाचं तरी लक्ष आहे. असं मांजर धडधाकट असेल तर त्याला तिथेच राहू द्या. दुसरी गोष्ट पोटाखालची. सड सुजलेले, भोवतीचे केस झिजलेले दिसले तर ती भाटी दूध पाजते आहे आणि जवळपास पिल्लं आहेत. तिला एकटीला उचलून नेलं तर मागे पिल्लं उपाशी मरतील. काळा, पांढरा आणि तांबूस असे तीन रंग अंगावर असतील तर ती मादीच आहे असं धरून चाला, तिरंगी नर अगदी क्वचित असतो. अशा वेळी सड पाहायला विसरू नका.

आणि आसपासच्या दोन-चार घरांत विचारा. गल्लोगल्ली फिरणारं प्रत्येक मांजर टाकलेलं नसतं. कोणाचं तरी लाडकं मांजर आपण "वाचवून" घेऊन गेलो तर त्या घरावर काय ओढवेल याचा विचार करा.

दवाखाना आधी ठरवा, मांजर नंतर पकडा

शहरात चूक झाली तरी दवाखाना पाच-दहा मिनिटांवर असतो. खेड्यात अंतर हीच मोठी अडचण. म्हणून मांजर पकडण्याआधी फोन करा आणि स्पष्ट विचारा: तुम्ही मांजरं तपासता का, की फक्त गुरं? मांजरांची नसबंदी करता का? रात्री काही झालं तर कोणाला फोन करायचा? गुरांच्या डॉक्टरांचा हात कितीही चांगला असला तरी मांजराला भूल देण्याचा सराव असेलच असं नाही, आणि हे विचारण्यात कोणाचाही अपमान नाही.

सामान थोडंच लागतं. पुढून आणि वरून उघडणारा, घट्ट बंद होणारा पिंजरा-डबा, दोन जाड टॉवेल, कोपरापर्यंतचे चामडी हातमोजे, ग्रॅममध्ये वजन दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा, आणि दार नीट लागणारी एक रिकामी खोली. खोली नसेल तर न्हाणीघर चालेल. पुठ्ठ्याच्या खोक्यात मांजर घालून दुचाकीवर निघू नका. ओलं झालं की पुठ्ठ्याचा तळ सुटतो आणि घाबरलेलं मांजर भर रस्त्यात उडी मारतं.

पकडताना

माणसाळलेल्या मांजरासाठी रोज ठरल्या वेळी, ठरल्या जागी खाणं ठेवा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते वाट बघत बसलेलं दिसेल. मग वाटी डब्याच्या दारापाशी, दुसऱ्या दिवशी आत, त्यानंतर अगदी मागच्या भिंतीला. मांजर पूर्ण आत गेल्यावरच दार लावा. शेपूट बाहेर असताना घाई केली तर ते मांजर पुन्हा त्या डब्याकडे बघणारही नाही.

हाताला न येणाऱ्या मांजरासाठी सापळा लागतो. पायपट्टी दाबली की मागचं दार पडतं, असा जाळीचा लांबट पिंजरा प्राणीमित्र संस्थांकडे किंवा काही डॉक्टरांकडे मिळू शकतो. आधी तीन-चार दिवस दार वर बांधून ठेवा आणि त्यातच खाऊ घाला. पकडायच्या आदल्या दिवशी खाणं बंद, पाणी चालू. पिल्लं आणि पाजणारी भाटी यांना मात्र असं उपाशी ठेवू नका. तळाला वर्तमानपत्र अंथरा, कारण जाळीचा स्पर्श पायाला आवडत नाही. आमिष उग्र वासाचं हवं, तेलातली मासळी उत्तम, आणि ते पायपट्टीच्या पलीकडे.

दार पडलं की आतलं मांजर वेड्यासारखं जाळीवर आदळतं. नाक खरचटतं, नख तुटतं. पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकतो. अशा वेळी एकच करायचं: हातात आधीच घडी करून ठेवलेली चादर पूर्ण पिंजऱ्यावर टाकायची. अंधार झाला की अर्ध्या मिनिटात आतली धडपड थांबते. कितीदा पाहिलं तरी मला याचं नवल वाटतं. सापळा लावून घरी जेवायला जाऊ नका. ऊन असो, पाऊस असो, कुत्री असोत, तुम्ही शंभर पावलांच्या आत असलंच पाहिजे.

विहिरीत किंवा खड्ड्यात पडलेल्या मांजरासाठी स्वतः उतरू नका. पोतं गुंडाळलेली पाटी दोराने सोडा, किंवा खडबडीत लाकडाला पोतं गुंडाळून ते तिरपं टेकवा आणि माणसांची गर्दी हटवा. शांतता झाली की मांजर बऱ्याचदा आपणहून चढून येतं. ते पाण्यात असेल किंवा जखमी असेल तर मात्र वाट न पाहता अग्निशमन दलाला बोलवा.

चावलं तर? मांजराचे सुळे सुईसारखे असतात. जखम वरून टिंबाएवढी दिसते, पण जंतू खोलवर जातात आणि एका दिवसात हात सुजू शकतो. लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली पूर्ण पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात जा. रेबीज मांजरापासूनही होतो आणि लक्षणं दिसू लागल्यावर त्यातून जवळपास कोणीही वाचत नाही. मांजर निरोगी दिसतंय म्हणून हे टाळू नका. त्या मांजरावर पुढचे दहा दिवस नजर ठेवा.

पिल्लं सापडली तर

इथे मी सगळ्यात जास्त थांबणार आहे, कारण चांगल्या मनाने केलेली सगळ्यात जास्त चूक इथेच होते.

एकदा गोठ्याच्या माचाखाली चार पिल्लं दिसली. दोन तास आई दिसली नाही म्हणून मी ती उचलून आणली. संध्याकाळी विसरलेला टॉवेल आणायला परत गेले तर एक तांबूस भाटी माचाखाली शिरत होती, बाहेर येत होती, पुन्हा शिरत होती आणि घशातून बारीक, घोगरा आवाज काढत होती. मी धावत घरी गेले, पिल्लं आणून जागच्या जागी ठेवली आणि लांब जाऊन बसले. अंधार पडल्यावर ती आली आणि एकेकाला मानेला धरून घेऊन गेली. चौथं नेल्यावर ती पाचव्यांदा परत आली. माचाखाली डोकावून खात्री केली आणि मग गेली. तो पाचवा फेरा मी विसरू शकत नाही.

मांजर पिल्लांना सात घरं फिरवते असं आपण म्हणतो ते उगाच नाही. जागा बदलताना काही पिल्लं इथे, काही तिथे असतात. एरवीही शिकारीसाठी आई तासन् तास बाहेर असते. त्यामुळे पिल्लं स्वच्छ, गुबगुबीत आणि शांत झोपलेली असतील तर हात लावू नका. आई येते की नाही हे कळण्यासाठी पिल्लांपासून हातभर अंतरावर जमिनीवर पिठाचं पातळ रिंगण घाला आणि निघून जा. काही तासांनी पिठात पंजांचे ठसे दिसले तर आई आहे. तुम्ही जवळ बसून राहिलात तर ती येणारच नाही. माणसाचा वास लागला म्हणून आई सहसा पिल्लं टाकत नाही. चुकून हात लागला असेल तर घाबरून जाऊ नका.

वाट न पाहता उचलायची वेळ कोणती? पिल्लं मळलेली, सतत रडणारी, अंगाला गार लागणारी असतील, मुंग्या किंवा माश्या लागल्या असतील, किंवा ती बांधलेल्या पिशवीत, चिकटपट्टी लावलेल्या खोक्यात सापडली असतील तर. खोका बंद करणारा माणूस आईला मागे ठेवून आलेला असतो.

आणल्यावर पहिलं काम दूध नाही, ऊब. तुमचं बोट पिल्लाच्या तोंडात घाला. आतून गार लागलं तर दुधाचा थेंबही देऊ नका, कारण गार पडलेल्या पिल्लाचं पोट काम करत नाही आणि दूध आत कुजतं. कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे गरम झालं तर पिल्लू सरकू शकेल. ऊब सावकाश द्यायची, तासभर लागला तरी चालेल. अंग गरम होऊन पिल्लू चुळबुळ करू लागलं, तोंडाने शोधू लागलं, की मग दूध.

दूध म्हणजे गाईचं नाही. मांजरीच्या दुधात प्रथिनं आणि स्निग्धांश त्याहून बरेच जास्त असतात, आणि गाईच्या दुधाने पिल्लांना हगवण लागते. एवढ्याशा जीवाला हगवणीतून सावरायला वेळच मिळत नाही. मांजराच्या पिल्लांसाठीची दूध पावडर डॉक्टरांकडे किंवा औषधांच्या दुकानात मागवून ठेवा. पाजताना पिल्लू पोटावर असावं, जसं आईजवळ असतं. माणसाच्या बाळासारखं उताणं धरून पाजलं तर दूध फुप्फुसात जातं. सिरिंजने पाजत असाल तर दट्ट्या जोरात दाबू नका, पिल्लू जीभ हलवेल तेवढाच थेंब सोडा. नाकातून दुधाचा बुडबुडा आला तर तिथेच थांबा, तोंड खाली करून पुसा आणि डॉक्टरांशी बोला.

पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी पाजायचं, रात्रीसुद्धा. दुसऱ्या आठवड्यात तीन-चार तासांनी. प्रत्येक वेळी कोमट ओल्या कापसाने शेपटीखाली हळुवार पुसायचं, कारण साधारण तीन आठवड्यांपर्यंत पिल्लाला आईच्या चाटण्याशिवाय लघवी आणि शी होत नाही. हे सांगायचं राहून जातं आणि पोट फुगून पिल्लं मरतात.

वय ओळखायचं तर नाळ असेल तर पाच दिवसांच्या आतलं. डोळे सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान उघडतात. तीन आठवड्यांच्या सुमारास कान उभे राहतात आणि पुढचे बारीक दात हिरडीला लागतात. जन्मतः वजन साधारण १०० ग्रॅम असतं आणि रोज १० ते १५ ग्रॅमने वाढायला हवं. रोज एकाच वेळी वजन करून वहीत लिहा. आजचा आकडा कालच्याएवढाच असेल तर दवाखाना गाठा. पिल्लू आजारी दिसायच्या आधी वही सांगते.

चौथ्या आठवड्यात ओलं, मऊ खाणं चालू करता येतं. आणि दोन ते सात आठवडे हा माणसाळण्याचा काळ असतो. रानात जन्मलेलं पिल्लू या काळात हाताळलं गेलं तर ते घरचं होतं. नंतर होत नाही असं नाही, पण कष्ट फार पडतात.

पहिले पंधरा दिवस

नव्या मांजराला घरातल्या इतर मांजरांपासून दोन आठवडे पूर्ण वेगळं ठेवा. वाट्या, टॉवेल, वाळूचा ट्रे सगळं वेगळं. मांजरांचा पॅनल्यूकोपेनिया हा विषाणू योग्य परिस्थितीत वर्षभर टिकतो आणि लस न दिलेल्या पिल्लांत तो झपाट्याने मारतो. साध्या साबणाने किंवा अल्कोहोलच्या सॅनिटायझरने तो जात नाही. जागा आधी धुवून घ्या, मग एक भाग घरगुती ब्लीच आणि बत्तीस भाग पाणी लावून दहा मिनिटं ओलं राहू द्या, मग पुन्हा पाण्याने धुवा. हे करताना मांजर तिथे नको आणि खिडकी उघडी हवी.

फिनाइल मात्र वापरू नका. ते मांजरांना विषारी आहे. पंजाला लागतं, मांजर पंजा चाटतं. तापावरची आपली पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेते, अर्धी दिली तरी. कुत्र्यांच्या पिसवांसाठीचं परमेथ्रिन असलेलं औषध मांजराला लावलं की झटके येतात. लहान पिल्लांच्या अंगावर पिसवा खूप असतील तर बारीक दातांच्या फणीने काढा, कारण पिसवांनी रक्त शोषून पिल्लाच्या हिरड्या पांढऱ्या पडतात आणि ते त्यानेच मरू शकतं. उंदराच्या औषधाचा संशय असेल तर मांजर ठीक दिसतंय म्हणून थांबू नका. त्यातल्या काही औषधांनी रक्तस्राव दोन-चार दिवसांनी सुरू होतो.

उपाशी मांजराला पहिल्याच दिवशी पोटभर घालू नका. थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. खोलीत एक आडवं खोकं ठेवा. नेदरलँड्समधल्या एका निवाऱ्यात २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लपायला खोकं मिळालेली मांजरं न मिळालेल्यांपेक्षा लवकर स्थिरावली होती. खोक्यातून ओढून बाहेर काढू नका. जमिनीवर बसून मोबाइल बघा, मोठ्याने काहीतरी वाचा, तुमच्या आवाजाची सवय होऊ द्या.

घुरघुरतंय म्हणजे बरं आहे असं धरू नका, वेदनेतही मांजर घुरघुरतं. तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, बोक्याने लघवीसाठी पुन्हा पुन्हा बसून काहीच न होणं, हिरड्या पांढऱ्या पडणं, यांतलं काही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. त्वचेवर गोल चट्टे असतील तर गजकर्ण असू शकतं, ते माणसालाही होतं. गरोदर बाईने वाळूचा ट्रे साफ करू नये. बाकीच्यांनी तो रोज साफ करावा.

मांजराच्या कातडीखाली ओळख पटवणारी चिप बसवलेली आहे का ते डॉक्टरांकडून यंत्राने पाहून घ्या, जंताचं औषध द्या, मांजरांतल्या दोन मोठ्या विषाणूंची, म्हणजे एफआयव्ही आणि एफईएलव्हीची, तपासणी विचारा. पिल्लांचं लसीकरण सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतं आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत चालतं.

पुढे कुठे

नसबंदी झाल्याशिवाय कोणालाही मांजर देऊ नका. यावर मी तडजोड करत नाही. मादी चार महिन्यांची असतानाही गाभण राहू शकते, साधारण नऊ आठवड्यांत विते, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा माजावर येऊ शकते. आज वाचवलेली एक भाटी वर्षभराने गंजीखालच्या पंधरा पिल्लांची आई असू शकते.

रानात वाढलेल्या मोठ्या मांजराला घरात कोंडणं ही त्याला शिक्षाच. त्याची नसबंदी आणि लस करून, कानाची खूण करून, जिथून आणलं त्याच जागी सोडा, आणि तिथे रोजच्या खाण्याची जबाबदारी कोण घेणार हे आधी ठरवा. दुसऱ्या अनोळखी शिवारात नेऊन सोडणं म्हणजे आधीच्या माणसाने जे केलं तेच करणं.

माणसाळलेल्याला घर शोधा. घर पाहायला स्वतः जा. विहिरीला कठडा आहे का, रस्ता किती जवळ आहे, कुत्रं कसं आहे, शेतात फवारणी कधी असते, हे विचारा. नव्या घरी पहिले तीन आठवडे मांजर बंद दाराआड राहील असं कबूल करून घ्या, नाहीतर ते जुन्या जागेच्या शोधात निघून जातं. त्याच्या वासाचा टॉवेल न धुता सोबत द्या. पहिल्या रात्री ते खाणार नाही आणि नवे लोक तुम्हाला काळजीने फोन करतील. त्यांना सांगा, वाटी खोक्याच्या तोंडाशी सरकवा, दिवा मालवा आणि सकाळी बघा. दोन दिवस वाटी तशीच राहिली तर थांबू नका, डॉक्टरांकडे न्या. उपाशी राहिलेल्या मांजराचं यकृत फार लवकर बिघडतं.